तोंड बंद ठेवायला दिलेले पैसे प्रचारखर्चात धरायचे का?

‘आपल्यात जे झालं ते बाहेर बोलू नकोस’ म्हणून कुणाला पैसे देणं हा अमेरिकेत गुन्हा नाही. दोन सज्ञान माणसं वकिलांमार्फत गुप्ततेचा करार करतात, एक पैसे देतो, दुसरा गप्प राहतो. असे करार तिथे सर्रास होतात आणि मोडले तर कोर्टात भांडताही येतं. पैसे मागणाऱ्याने धमकी दिली तर ती खंडणी, पण तो गुन्हा मागणाऱ्याचा. म्हणून डोनाल्ड ट्रम्प यांना २०२४ मध्ये ‘हश मनी (तोंड बंद ठेवायचे पैसे) दिल्याबद्दल’ दोषी ठरवलं, हे वाक्य कितीही वेळा छापून आलं असलं तरी बरोबर नाही. ते दोषी ठरले धंद्याच्या कागदपत्रांत खोट्या नोंदी केल्याबद्दल. त्या नोंदींच्या मागे मात्र निवडणुकीच्या पैशाचा कायदा उभा होता, आणि खरा गुंता तिथेच आहे.

तो सोडवायचा तर चार गोष्टी पाहाव्या लागतात: पैसे कुणाच्या खिशातून गेले, कशासाठी गेले, कधी गेले आणि कुठे नोंदले गेले. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाची उत्तरं बँकेच्या कागदांवर सापडतात. दुसऱ्याचं उत्तर माणसाच्या मनात असतं. आजवरचे सगळे खटले त्याच जागी अडकलेत.

देणगी म्हणजे नेमकं काय

राष्ट्राध्यक्ष, सिनेट आणि प्रतिनिधीगृह या निवडणुकांच्या पैशाला १९७१ चा फेडरल निवडणूक प्रचार कायदा लागू होतो. वॉटरगेट घोटाळ्यानंतर १९७४ मध्ये त्यात मोठे बदल झाले, देणग्यांवर मर्यादा आल्या आणि त्यांवर लक्ष ठेवायला फेडरल निवडणूक आयोग निर्माण झाला. या कायद्यातली देणगीची व्याख्या फार ऐसपैस आहे. फेडरल निवडणुकीवर प्रभाव पाडण्याच्या हेतूने कुणीही दिलेली भेट, वर्गणी, कर्ज, आगाऊ रक्कम, ठेव किंवा मोल असलेली कोणतीही वस्तू म्हणजे देणगी. पैसे प्रचाराच्या खात्यात जमा व्हायलाच हवेत असं नाही. उमेदवाराशी बोलून तुम्ही परस्पर छापखान्याचं बिल भागवलंत, तरी कायद्याच्या दृष्टीने ती तुम्ही उमेदवाराला दिलेली देणगीच.

आता खिसे पाहू, कारण खिसा बदलला की नियम बदलतो.

उमेदवाराने स्वतःच्या खिशातून प्रचारावर कितीही खर्च करावा. १९७६ च्या बकली विरुद्ध व्हॅलेओ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची मर्यादा काढून टाकली. मात्र तो खर्च प्रचाराचा असेल तर त्याचा हिशेब आयोगाकडे द्यावा लागतो. दुसऱ्या व्यक्तीने दिले तर मर्यादा लागू होते. २०१६ मध्ये ती प्रत्येक निवडणुकीमागे २,७०० डॉलर होती, पक्षांतर्गत प्राथमिक फेरीसाठी वेगळी आणि मुख्य निवडणुकीसाठी वेगळी. कंपनीला तर उमेदवाराला थेट एक डॉलरही देता येत नाही. ही बंदी १९०७ पासूनची. चौथा खिसा प्रचार समितीचा, म्हणजे लोकांनी दिलेल्या देणग्यांचा. त्यातून उमेदवाराने घरखर्च चालवायचा नाही. घराचा हप्ता, रोजचे कपडे, सहली, क्लबची वर्गणी, सगळं वर्ज्य.

या शेवटच्या नियमात एक कसोटी आहे, ती लक्षात ठेवा, पुढे सारखी लागणार आहे. माणूस निवडणुकीला उभा नसता तरीही हा खर्च झाला असता का? झाला असता, तर तो खासगी. उमेदवारीमुळेच उद्भवला असेल, तर प्रचाराचा. आणि तिसऱ्याच कुणी उमेदवाराचा खासगी खर्च भागवला तरी हाच प्रश्न विचारायचा: उमेदवारी नसती तरी त्याने ते पैसे दिले असते का? नसते दिले, तर ती देणगी.

नियम मोडला तर बहुतेक वेळा आयोग दंड करतो. फौजदारी गुन्हा व्हायला दोन गोष्टी लागतात: रक्कम आणि इरादा. एका वर्षात २५,००० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेचा भंग असेल तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. पण आपण कायदा मोडतोय हे त्या माणसाला ठाऊक होतं आणि तरी त्याने ते केलं, हे सरकारी वकिलांना सिद्ध करावं लागतं. ‘मला नियम माहीत नव्हता’ ही सबब इतर बऱ्याच गुन्ह्यांत चालत नाही. इथे ती चालू शकते.

हेतू कुणाचा आणि किती

विवाहबाह्य संबंधाची बातमी दाबायला माणूस पैसे का देईल? बायकोला कळू नये म्हणून. मुलांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून. धंद्यातलं नाव जाऊ नये म्हणून. आणि मतं जाऊ नयेत म्हणूनही. चारही कारणं एकाच वेळी, एकाच डोक्यात असू शकतात. मग त्या पैशाला कोणतं नाव द्यायचं?

कायदेपंडितांत यावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो, फक्त उमेदवारीमुळे जन्माला आलेलं देणंच प्रचारखर्चात धरावं. सभेचं भाडं, जाहिरात, सर्वेक्षण या गोष्टी निवडणूक नसती तर अस्तित्वातच आल्या नसत्या. जुनं प्रेमप्रकरण निवडणुकीने निर्माण केलेलं नाही. ते झाकल्याने उमेदवाराचा फायदा होतो हे खरं, पण फायदा तर नवा सूट शिवल्यानेही होतो, आणि सुटाचा खर्च प्रचारनिधीतून करायला हाच कायदा मनाई करतो. या तटाचा सगळ्यात धारदार मुद्दा असा: हे पैसे प्रचारखर्च मानले तर उमेदवार उद्या लोकांच्या देणग्यांतून गुपितं विकत घेईल, आणि ते कायदेशीर ठरेल. खासगी पैसे वापरले तर लपवलेली देणगी, प्रचाराचे वापरले तर खासगी उधळपट्टी, असा दोन्हीकडून फास लागत असेल तर माणसाने वागायचं कसं?

दुसरा तट म्हणतो, संबंध जुना असेल, पण देणं जुनं नाही. दहा वर्षं कुणी पैसे दिले नाहीत आणि मतदान बारा दिवसांवर आलं तेव्हा दिले, तर ते देणं निवडणुकीनेच निर्माण केलं. नाही तर कायद्यात इतकी मोठी फट राहील की श्रीमंत मित्र असलेल्या कुठल्याही उमेदवाराला मर्यादेचं भय उरणार नाही.

आम्हाला दुसरी बाजू कायद्याच्या शब्दांना जास्त जवळची वाटते, कारण व्याख्येत ‘हेतू’ हा शब्द आहे, ‘खर्चाचा प्रकार’ नाही. पण पहिल्या तटाच्या एका इशाऱ्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. फौजदारी कायदा असा हवा की माणसाला आधी वाचून कळावं, आपण गुन्हा करतोय की नाही. या विषयात ते कळणं आजही कठीण आहे. त्याचा पुरावा म्हणजे एडवर्ड्स खटला.

जॉन एडवर्ड्स: दाते साक्षीला नव्हते

जॉन एडवर्ड्स हे उत्तर कॅरोलायनाचे माजी सिनेटर, २००४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. २००८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत असताना प्रचाराचे व्हिडिओ करणाऱ्या एका स्त्रीशी त्यांचे संबंध होते आणि ती गरोदर राहिली. पत्नी तेव्हा कर्करोगाशी झगडत होती. त्या स्त्रीला पत्रकारांपासून दूर ठेवण्यासाठी घरं, प्रवास, हॉटेलं, दवाखाना यांवर दोन श्रीमंत पाठीराख्यांचे नऊ लाख डॉलरहून अधिक खर्च झाले. वारसदार धनाढ्य रेचल मेलन यांचे सुमारे ७,२५,००० आणि प्रचाराच्या निधीसंकलनाचे प्रमुख, वकील फ्रेड बॅरन यांचे दोन लाखांहून जास्त. मेलन यांचे चेक घरसजावट करणाऱ्या त्यांच्या एका परिचिताच्या नावाने निघत आणि चेकवर ‘खुर्च्या’, ‘टेबल’ असं कारण लिहिलेलं असे. तेव्हाची व्यक्तिगत मर्यादा होती २,३०० डॉलर.

जून २०११ मध्ये सहा आरोप ठेवले गेले. एप्रिल २०१२ मध्ये ग्रीन्सबरो इथे खटला उभा राहिला. कागदी पुरावा भरपूर होता. अडचण अशी की कायदा देणाऱ्याचा हेतू विचारतो आणि देणाऱ्या दोघांपैकी एकालाही विचारणं शक्य नव्हतं. बॅरन ऑक्टोबर २००८ मध्ये वारले होते. मेलन १०१ वर्षांच्या होत्या आणि त्यांची साक्ष झाली नाही. मग ज्युरीला चेकच्या तारखांवरून आणि इतरांच्या बोलण्यावरून हेतू ओळखायचा होता. त्या तारखा दोन्हीकडे बोट दाखवत होत्या. पैसे सुरू झाले ते उमेदवारीच्या ऐन भरात, हे सरकारच्या बाजूचं. पण ३० जानेवारी २००८ ला एडवर्ड्स शर्यतीतून बाहेर पडल्यावरही ते चालू राहिले, हे बचावाच्या बाजूचं. निवडणूकच उरली नाही तर तिच्यासाठी पैसे कोण देईल?

न्यायाधीश कॅथरिन ईगल्स यांनी ज्युरीला समजावलं ते असं: निवडणूक हा एकमेव हेतू होता असं सिद्ध करायची गरज नाही, कारण माणसं क्वचितच एका कारणाने वागतात, पण निवडणूक नसती तरी दात्याने पैसे दिलेच असते असं वाटलं, तर निवडणुकीवर थोडा परिणाम झाला एवढ्यावरून ती देणगी होत नाही. आमच्या वाचनात या विषयावरची ही सगळ्यात समतोल मांडणी आहे. तरीही ज्युरीचं एकमत झालं नाही. ३१ मे २०१२ ला एका आरोपातून, मेलन यांच्या २००८ मधल्या पैशाबाबतच्या, निर्दोष मुक्तता झाली आणि उरलेल्या पाचांवर खटला फसला. दोन आठवड्यांत न्याय खात्याने माघार घेतली.

लपवाछपवीबद्दलही या खटल्याने एक गोष्ट शिकवली. खोटी कारणं, दुसऱ्याची नावं, फिरवून आणलेले चेक हे पाहिलं की वाचणाऱ्याला गुन्ह्याचा वास येतो. पण ‘लपवलं, ते आयोगापासून की बायकोपासून?’ हा प्रश्न बचावपक्ष विचारतोच, आणि नुसत्या लपवण्यातून त्याचं उत्तर मिळत नाही.

नेवाडाचे सिनेटर जॉन एन्साइन यांचं प्रकरण लहान, पण बोधक. त्यांच्या प्रचाराच्या कोषाध्यक्ष असलेल्या स्त्रीशी त्यांचे संबंध होते. २००८ मध्ये ती कामावरून गेली तेव्हा त्यांच्या आईवडिलांनी तिच्या कुटुंबाला ९६,००० डॉलर दिले. ही कौटुंबिक भेट आहे, असा खुलासा झाला. हिशेब पाहा: करमुक्त भेटीची तेव्हाची वार्षिक मर्यादा माणशी १२,००० होती, देणारे दोन, घेणारे चार, म्हणजे बरोबर ९६,०००. पण बाई प्रचार समितीच्या पगारावर होती. मग ही भेट, की समितीने द्यायची नुकसानभरपाई बाहेरून दिली? आयोगाने २०१० मध्ये तक्रार निकाली काढली, पुढे सिनेटच्या नीतिमत्ता समितीने खोलात जाऊन वेगळे पुरावे समोर आणले, एन्साइन यांनी मे २०११ मध्ये राजीनामा दिला आणि आयोगाकडचं प्रकरण अखेर दंडाच्या तडजोडीवर संपलं.

ट्रम्प, कोहेन आणि १,३०,००० डॉलर

इथे कागद जास्त बोलके आहेत, म्हणून तारखांच्या क्रमाने जाऊ.

ऑगस्ट २०१५ मध्ये ट्रम्प टॉवरमध्ये एक बैठक झाली. ‘नॅशनल एन्क्वायरर’ छापणाऱ्या अमेरिकन मीडिया कंपनीचे प्रमुख डेव्हिड पेकर यांनी ट्रम्प यांच्याविरुद्धच्या बातम्या शोधून वेळेत कळवायचं कबूल केलं. ऑगस्ट २०१६ मध्ये त्या कंपनीने ट्रम्प यांच्याशी संबंध होते असं सांगणाऱ्या मॉडेल कॅरन मॅकडूगल यांची हकिकत १,५०,००० डॉलरला विकत घेतली आणि छापली नाही. ७ ऑक्टोबर २०१६ ला स्त्रियांबद्दल ट्रम्प यांनी काढलेल्या उद्गारांची जुनी चित्रफीत बाहेर आली आणि प्रचार हादरला. त्यानंतर, तसाच दावा करणाऱ्या प्रौढपटांतल्या अभिनेत्री स्टॉर्मी डॅनियल्स यांच्या वकिलाशी बोलणी पुढे सरकली. २७ ऑक्टोबरला ट्रम्प यांचे वकील मायकेल कोहेन यांनी स्वतःच्या घरावर काढलेल्या कर्जातून, नावापुरती काढलेल्या एका कंपनीच्या खात्यातून १,३०,००० डॉलर पाठवले. मतदान होतं ८ नोव्हेंबरला.

कसोटी लावून पाहा. कोहेन यांची मर्यादा २,७०० डॉलर. त्यांनी दिले तिच्या सुमारे ४८ पट. मॅकडूगल यांचे पैसे कंपनीचे, म्हणजे तिथे मर्यादा शून्य. वृत्तपत्रांना या कायद्यात बातमी, भाष्य आणि संपादकीयासाठी सवलत आहे. पण बातमी न छापण्यासाठी उमेदवाराशी ठरवून पैसे मोजणं त्या सवलतीत बसत नाही. डॅनियल्स सांगतात तो संबंध २००६ मधला, पैसे २०१६ च्या ऑक्टोबरअखेरचे. ट्रम्प ज्यात दोषी ठरले त्या न्यूयॉर्कच्या खटल्यात कोहेन यांनी साक्ष दिली की ट्रम्प यांची इच्छा निवडणूक होईपर्यंत पैसे लांबवायची होती, कारण नंतर त्याने काही फरक पडणार नव्हता. ट्रम्प यांनी संबंधही नाकारले आहेत आणि गुन्हाही. साक्ष खरी मानली तर मात्र एडवर्ड्स खटल्यात जी कडी हरवली होती ती इथे सापडते, कारण घरच्यांपासून लपवायचं असतं तर निवडणुकीनंतरही लपवायचंच असतं.

बचावाचा एक मुद्दा मुदतीचा होता. २७ ऑक्टोबरचा खर्च ज्या अहवालात आला असता त्याची शेवटची तारीख ८ डिसेंबर. मतदान होऊन महिना गेलेला. मग न दाखवून मतदारांपासून काय लपलं? यावर उत्तर कायद्यातच आहे आणि ते फारसं सांगितलं जात नाही. मतदानाआधीच्या विसाव्या दिवसानंतर आलेली १,००० डॉलर किंवा जास्तीची प्रत्येक देणगी, वस्तुरूपाने आली तरी, ४८ तासांत आयोगाला कळवावी लागते. देणगी मानली तर २९ ऑक्टोबरच्या सुमारास ती नोंद लोकांसमोर यायला हवी होती.

‘पैसे नंतर परत केले, मग देणगी कुठली?’ हाही नेहमीचा प्रश्न. व्याख्येत कर्ज आणि आगाऊ रक्कम हे शब्द आहेत ते याचसाठी. आज वकिलाने भरायचे आणि उद्या उमेदवाराने फेडायचे, तरी मधल्या काळात ती वकिलाची देणगी राहते. शिवाय परतफेड जशी केली ती पद्धत या प्रकरणाचा कणा ठरली. १,३०,००० मध्ये दुसऱ्या एका कामाचे ५०,००० मिळवले, झाले १,८०,०००. कोहेन ही रक्कम मिळकत म्हणून दाखवणार, त्यावर कर लागणार, म्हणून ती दुप्पट केली: ३,६०,०००. वर ६०,००० बक्षिसी. एकूण ४,२०,०००, आणि ती २०१७ मध्ये दरमहा ३५,००० प्रमाणे बारा हप्त्यांत. नोंदवहीत लिहिलं ‘वकिलाची फी’. उधारी फेडताना कुणी ती दुप्पट करून फेडत नाही. फी म्हणून दाखवायची असेल तरच हा आकडा जमतो. सरकारी वकिलांनी ज्युरीसमोर याच गणितावर भर दिला.

मग शिक्षा कुणाला, कशाबद्दल

२१ ऑगस्ट २०१८ ला कोहेन यांनी फेडरल न्यायालयात आठ गुन्हे कबूल केले. पाच करचुकवेगिरीचे, एक बँकेला खोटी माहिती दिल्याचा, आणि दोन या कायद्याखालचे: कंपनीला बेकायदा देणगी द्यायला लावणं आणि मर्यादेबाहेर देणगी देणं. त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. योगायोगाने त्याच दिवशी कॅलिफोर्नियाचे काँग्रेस सदस्य डंकन हंटर यांच्यावर प्रचारनिधीतून खासगी चैन केल्याचे आरोप दाखल झाले. एकीकडे खासगी पैसे प्रचारासाठी, दुसरीकडे प्रचाराचे पैसे खासगीसाठी. एकाच कायद्याच्या दोन्ही बाजू एका दिवसात कोर्टापुढे आल्या.

अमेरिकन मीडिया कंपनीने खटला टाळण्याच्या करारात लिहून दिलं की हकिकत दाबण्यामागचा मुख्य हेतू निवडणुकीवर तिचा परिणाम होऊ न देणं हाच होता. २०२१ मध्ये आयोगाने तिला १,८७,५०० डॉलर दंड केला. म्हणजे कंपनीच्या पैशाबाबत आयोगाचं उत्तर स्पष्ट आलं: होय, देणगी.

ट्रम्प यांच्याबाबत तोच आयोग अडला. आयोगाचे सदस्य सहा, एका पक्षाचे तीनहून जास्त नसावेत, आणि कोणत्याही कारवाईला चार मतं लागतात. आयोगाच्याच कायदा विभागाने पुढे जाण्याची शिफारस केली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये मतदान दोन विरुद्ध दोन झालं. एक सदस्य बाजूला राहिले, एक गैरहजर. फाइल बंद. विरोधात मत देणाऱ्यांनी कारण दिलं की कोहेन यांना शिक्षा झाली आहे, कामाचा साठा मोठा आहे आणि मुदत संपत आली आहे. या कायद्यात पाच वर्षांनंतर खटला भरता येत नाही, म्हणजे घड्याळ ऑक्टोबर २०२१ मध्ये थांबणार होतं. या निर्णयाने देणगी होती की नव्हती हे ठरलं नाही, फक्त चौकशी थांबली. याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं, कारण नियमाचा अर्थ लावायची जागा तीच होती. मे २०२५ मध्ये तर चार सदस्यही न उरल्याने आयोगाचा कोरमच मोडला.

न्यूयॉर्कचा खटला राज्याच्या कायद्याखाली होता. कोहेन यांची ११ बिलं, त्यांना दिलेले ११ चेक, नोंदवहीतल्या १२ नोंदी, मिळून ३४ आरोप. कागदावर खोटी नोंद करणं हा तिथे किरकोळ गुन्हा. पण दुसरा गुन्हा करण्यासाठी किंवा झाकण्यासाठी केली तर तो गंभीर होतो. तो दुसरा गुन्हा म्हणून बेकायदा मार्गाने निवडणुकीत कुणाला निवडून आणण्याचा कट, हे राज्याच्या निवडणूक कायद्यातलं कलम पुढे केलं गेलं. आणि ‘बेकायदा मार्ग’ कोणते, तर तीन: फेडरल देणगी कायद्याचा भंग, इतर कागदांतल्या खोट्या नोंदी, करविषयक गुन्हा. यांपैकी नेमका कोणता यावर ज्युरीचं एकमत होणं आवश्यक नाही, असं न्यायाधीश हुआन मर्शान यांनी सांगितलं. ३० मे २०२४ ला ३४ ही आरोपांत दोषी, १० जानेवारी २०२५ ला कोणतीही शिक्षा न देता मुक्तता. ट्रम्प यांनी निकालाविरुद्ध अपील केलं आहे.

त्यामुळे ‘ज्युरीने हश मनीला बेकायदा देणगी ठरवलं’ असंही म्हणता येत नाही. काही ज्युरी सदस्यांनी तो मार्ग धरला असेल, काहींनी दुसरा. निकालपत्रावर तसं काही लिहिलेलं नसतं. कोहेन यांची कबुली हीसुद्धा कबुलीच, वाद ऐकून दिलेला न्यायालयीन अर्थ नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर निकाल दिलेला नाही.

पुढचं प्रकरण बातम्यांत येईल तेव्हा काय तपासायचं ते यातून हाती येतं. पैसे उमेदवाराचे स्वतःचे असतील तर प्रश्न फक्त हिशेबाचा. मित्राचे असतील तर मर्यादेचा. कंपनीचे असतील तर बंदीचा. प्रकरण किती जुनं आणि पैसे किती ताजे, यातलं अंतर पाहा. उमेदवार शर्यतीतून गेल्यावर पैसे थांबले का ते पाहा. याआधी निवडणूक नसताना याच माणसाने अशीच गुपितं पैसे देऊन झाकली होती का? असेल, तर बचाव भक्कम होतो. आणि देणारा जिवंत, बोलायला तयार आहे का, हे शेवटचं, पण खटला बहुतेक त्यावरच उभा राहतो.

आपल्याकडे हाच प्रकार झाला तर

भारतात मोजपट्टीच वेगळी आहे. उमेदवाराला एका माणसाने किती द्यावं यावर आपल्याकडे मर्यादा नाही. मर्यादा खर्चावर आहे. जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रात लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख रुपये, गोव्यात ७५ लाख आणि २८ लाख. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ प्रमाणे उमेदवाराने स्वतः केलेला किंवा त्याच्या संमतीने झालेला ‘निवडणुकीच्या संबंधातला’ खर्च नोंदवायचा आणि निकालानंतर तीस दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला सादर करायचा. दुसऱ्याने परस्पर केलेल्या खर्चाचा प्रश्न इथेही जुना आहे. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, पक्षाने केलेल्या खर्चाचा लाभ उमेदवाराने जाणूनबुजून घेतला तर तो त्याच्याच खात्यावर धरावा. त्याच वर्षी संसदेने कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला.

पण गुपिताच्या पैशाला हे कलम लावायला गेलं की पहिली अडचण हेतूची नसून तारखेची येते. कलम ७७ चा हिशेब सुरू होतो तो उमेदवारी अर्ज दाखल झाल्याच्या दिवसापासून आणि संपतो निकाल जाहीर होण्याच्या दिवशी. अर्ज भरण्याच्या आदल्या संध्याकाळी दिलेली रक्कम, ती कितीही मोठी असो आणि कशासाठीही असो, त्या वहीत येतच नाही.